ठराव क्रमांक सात आणि पश्चिमेची खिडकी

२ एप्रिल, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. दाखवायची कुणालाच नाही. पण पुढेमागे कुणी विचारलं, की आईची खोली थंड कशी केली, तर माझं मला आठवायला हवं.

परिस्थिती अशी. आई गेल्या वर्षापासून आमच्याकडे. तिची खोली पश्चिमेची, तिसऱ्या मजल्यावर, एकच मोठी खिडकी, मागच्या गल्लीवर. दुपार कलली की ऊन सरळ येऊन तिच्या पलंगावर बसतं. मावळतीनंतरही त्याची धग उठत नाही. काल आई म्हणाली, मला भाजीसारखं वाफवायला ठेवलंयस का रे. हसत म्हणाली. पण म्हणाली.

एसी चालणार नाही. एसीने तिचे गुडघे धरतात. हिचं म्हणणं, आपण पूर्वेच्या खोलीतून उठू आणि आईला तिथे आणू, पलंग इकडचा तिकडे केला की झालं. आमच्या हिला प्रश्नाचं स्वरूपच कळलेलं नाही. खोली बदलणं म्हणजे उन्हापुढे हात टेकणं. शिवाय पूर्वेच्या खोलीत माझं टेबल आहे, टेबलावर सोसायटीच्या फायली आहेत, आणि माझी पाठ त्याच भिंतीकडे तोंड करून झोपायला सरावलेली आहे. आईनेही नकोच म्हटलं असतं. म्हणून तिला विचारलं नाही.

ताईचा फोन. म्हणाली, उन्हाळाभर आईला माझ्याकडे दे पाठवून. म्हटलं, अजिबात नाही. मुलाच्या घरात आईला सावली मिळाली नाही असं लोकांनी म्हणायचं? आई इथेच राहील, याच खोलीत, गारेगार. शब्द दिला.

३ एप्रिल, सोमवार.

हिने पेपरात वाचलं की ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. एकदा काचेतून आत आलं की ते घरचंच होतं, मग आतल्या पडद्याला काही करता येत नाही. बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा सोडा म्हणते. गुंडाळता येतो, स्वस्त असतो.

हिला शांतपणे ठराव क्रमांक सात वाचून दाखवला. इमारतीच्या कोणत्याही खिडकीबाहेर कोणतीही वस्तू टांगू, बांधू, लटकवू किंवा अडकवू नये. हा ठराव मांडला कुणी? मानद सचिव या नात्याने मीच. त्याआधी इमारतीची काय दशा होती. कुठे चादर, कुठे ताडपत्री, कुठे कुणाचा टॉवेल. आता कशी दाढी केल्यासारखी दिसते. मतदानात विरोध एकटीचा, आमच्या खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंचा. त्या घरीच कपडे शिवतात. म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब, माझं मशीन खिडकीपाशी आहे, मी भाजून निघेन. त्यांना सार्वजनिक हित समजावून सांगितलं. दोनदा.

वॉचमनलाही तेव्हाच बजावलं होतं. त्याला सगळे मेजर म्हणतात, फौजेत होता की नाही देव जाणे. त्याला म्हटलं, ठराव सातच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही. उद्या मी स्वतः येऊन सांगितलं तरी ऐकायचं नाही. त्याने सलाम ठोकला. अशी माणसं हवीत.

तेव्हा जे करायचं ते आतून. आणि आतून होत नाही असं काही नसतं.

८ एप्रिल, शनिवार.

पडदा मिळाला. ऑफिसच्या रस्त्यावरचं जुनं नाट्यगृह बंद पडलं, त्यांचं सामान विकायला काढलंय. रंगमंचाचाच पडदा, मखमली, गडद लाल, वजनाला एखाद्या नातेवाइकाएवढा. अर्धाच घेतला. दोघा हमालांनी वर आणला. ही म्हणाली, आई रोज किती वाजता प्रवेश करणार? टोमण्यांकडे लक्ष दिलं नाही.

काचा घट्ट बंद, त्यावर पडदा. सूर्याने आता काय ते बाहेर करावं.

९ एप्रिल, रविवार. सकाळ.

नवीन थर्मामीटर आणलाय. पहाटेच आईच्या खोलीत जाऊन तापमान घेतलं. अगदी सुखद. प्रयोग यशस्वी.

ही म्हणाली, दुपारी घ्या की. दुपारी मी ऑफिसात असतो आणि रविवारी झोपतो. शिवाय दुपारी वातावरणात फार ढवळाढवळ असते. माप नेहमी शांत वेळी घ्यावं.

१२ एप्रिल, बुधवार.

आईची किरकोळ तक्रार. पडद्याला हात लागला तर इस्त्रीला लागल्यासारखा चटका बसतो म्हणे. म्हटलं, म्हणजे बघ किती ऊन त्याने अंगावर घेतलंय. आई म्हणाली, अंगावर घेतलंय खरं, पण मग माझ्याकडेच सोडतोय.

अंधारात ती स्वतःच्या चष्म्यावर बसली. काडी मोडली. चष्मा तसाही जुनाच होता.

१५ एप्रिल, शनिवार.

मखमल रद्द. चूक माझी नव्हे, मखमलीची. आता सनफिल्म. मोटारींच्या काचांना लावतात तीच, काळी. दुकानदाराने विचारलं, काचेला आतून लावणार की बाहेरून. आतून म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. त्याला ठराव माहीत नसणार.

साबणाचं पाणी, पट्टी, फिल्म. सबंध दुपार गेली. फुगे राहिलेत, पण ते लांबून दिसत नाहीत. एका फुग्याला आई टाचणी लावायला निघाली होती, वेळीच थांबवलं. स्टुलावरून उतरताना अंगात काही उरलं नव्हतं. त्या खोलीत काम करणं म्हणजे खरंच कठीण आहे. मी खूप खपलो असं आई दोनदा म्हणाली. आईला कळतं.

१९ एप्रिल, बुधवार.

ऑफिसात असताना हिचा फोन. खिडकीची काच तडकली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आई शेजारीच विणत बसली होती, दचकून सुया सुटल्या. लागलं नाही.

पक्षी आपटला असावा. ही म्हणाली, पक्षीबिक्षी काही नाही, तुमची फिल्म आतून तापली आणि काच फुटली. मी म्हटलं, तू पाहिलंस का फिल्मला तापताना? हिने काचवाल्याला बोलावलं. काचवाला आला, नवी काच बसवून गेला. जाताना तोही फिल्मबद्दलच बोलत होता. हल्ली सगळेच तज्ज्ञ.

२२ एप्रिल, शनिवार.

ताईचा फोन. आईशी बरंच बोलली. आई नुसतं हो, बरंय, ठीक आहे, म्हणत होती. त्यानंतर फोन माझ्याकडे. आईचा आवाज सुकलाय असं ताईचं मत. म्हटलं, फोनची लाइन खराब आहे. ताई म्हणाली, मी चौदा मेला येते, स्वतः त्या खोलीत दुपारी बसते. मला बसवलं तर आई राहील, नाहीतर मी घेऊन जाईन.

मान्य केलं. घाबरतो थोडाच.

२३ एप्रिल, रविवार.

अंतिम उपाय सापडला. इतका साधा की हसू येतं. थर्मोकोलचे जाड तक्ते, खिडकीच्या मापाचे, त्यावर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल, चकचकीत बाजू बाहेर. तक्ता काचेला आतून घट्ट बसवायचा. ऊन येईल, आरशात तोंड पाहील आणि परत जाईल. ठराव सातला धक्का नाही, कारण बाहेर काहीच नाही.

बसवला. एक कवडसाही नाही. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो, पण दिवा किती तापणार.

आईने विचारलं, आता सकाळ आहे की संध्याकाळ. तिला भिंतीवरचं घड्याळ मोठ्या आकड्यांचं आणून द्यावं. नोंद.

२६ एप्रिल, बुधवार.

अध्यक्षांची तक्रार. ते समोरच्या विंगमध्ये राहतात, मागच्या गल्लीच्या पलीकडे. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त, त्यामुळे लोकांच्या तोंडात बघण्याऐवजी घरात बघतात. म्हणाले, रोज चहाच्या वेळी कुणीतरी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारतं. बायकोला बिस्किट दिसत नाही.

गंभीर बाब. लगेच बोर्डावर सूचना लावली. कुणीही सभासदाने चकाकणारी वस्तू वापरून इतर सभासदांना त्रास देऊ नये, दोषीचा शोध घेतला जाईल. खाली सही.

२८ एप्रिल, शुक्रवार.

शोधासाठी लवकर निघून अध्यक्षांच्या घरी गेलो. तक्रार खरी आहे. आमच्याच विंगमधून प्रखर झोत येतो, बहुधा वरच्या मजल्यांपैकी कुठूनतरी. नेमका कुठून, हे डोळे दिपल्यामुळे सांगता येत नाही.

पण डोळ्यांवर हात धरून जरा खाली पाहिलं, आणि काय दिसावं? आमच्याच खाली, दुसऱ्या मजल्यावर, टेलरबाईंच्या खिडकीबाहेर बांबूच्या काड्यांचा पडदा. चांगला लांबरुंद. राजरोस. मी मागच्या गल्लीत कधी जात नाही, याचा त्यांनी फायदा घेतला. बांबू चकाकत नाही हे खरं, पण सापडला तो सापडला.

अध्यक्ष म्हणाले, झोताचं काय? म्हटलं, आधी हे.

घरी येऊन तक्ता उलटा बसवला, चकचकीत बाजू आत. त्याचा तक्रारीशी संबंध नाही. आलटून पालटून बघावं एवढंच.

३० एप्रिल, रविवार.

ही नोंद आनंदाने करतोय. आईची तक्रार बंद. पूर्णपणे. आठवडाभर एक शब्द नाही. दुपारी दार लावलेलं असतं, आत हूं नाही की चूं नाही. गाढ झोप. आजही जेवण झाल्यावर तिच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं. झोपमोड नको म्हणून मी उघडलं नाही आणि आपल्या खोलीत जाऊन पडलो. संध्याकाळी आई चहाला आली तेव्हा चेहरा किती प्रसन्न. म्हटलं, झोप झाली? म्हणाली, छान झाली रे. गार वारा होता.

गार वारा. खिडकी बंद असताना. माझ्या तक्त्याची ही किमया.

हिला म्हटलं, बघितलंस? ही भांडी आवरत होती. म्हणाली, बघतेय.

४ मे, गुरुवार.

आईची तब्येत सुधारलीय. हल्ली जिनाही चढते म्हणे, मला वाटतं व्यायाम म्हणून. स्लीपर जागेवर नव्हत्या, विचारलं तर ही म्हणाली, असतील इकडेतिकडे.

आईच्या कपड्यांना दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असतात. विणकाम वाढलं वाटतं. आणि माझ्या निळ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून मिळालं, तंतोतंत तसंच, चार भोकांचं. असं बटण आईकडे कुठून आलं? जुनी माणसं सगळं जपून ठेवतात.

थर्मोकोल पद्धतीवर एक टिपण लिहायला घेतलंय. सगळ्या सभासदांना वाटावं.

७ मे, रविवार.

टेलरबाईंना नोटीस दिली. स्वतः खाली गेलो नाही, मेजरच्या हाती पाठवली. आठवड्यात पडदा काढावा, अन्यथा मेजर काढून जप्त करेल.

इथे आश्चर्य. आई म्हणाली, राहू दे की रे तो पडदा. मागच्या गल्लीत कुणाला दिसतोय? बिचारीचं मशीन खिडकीत असतं. आईला त्यांच्या मशीनची जागा कशी माहीत? म्हटलं, आई, आज एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतात. आईने विणकाम उचललं. मग म्हणाली, तुझंही खरं आहे.

ही तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, पडदा काढण्याआधी त्या पडद्याआड कोण बसतं ते एकदा जाऊन बघा. म्हटलं, टेलरबाई बसतात, आणखी कोण. ही काही बोलणार होती, पण आईने तिच्याकडे बघून मान हलवली. बायकांची आपसातली काहीतरी युती आहे. मी राजकारणात पडत नाही.

१४ मे, रविवार. सकाळ.

ताई दुपारी येणार. खोली सज्ज. पहाटे तापमान घेतलं, उत्तम.

मेजर आला होता. आठवडा संपला म्हणून त्याने सकाळीच टेलरबाईंचा पडदा उतरवून गेटच्या खोलीत जप्त केला. सलाम. आजचा दिवस शुभ आहे.

१४ मे. संध्याकाळ.

ताई आली. तिला दाराशीच म्हटलं, हळू, आई झोपली असेल. हलक्या हाताने आईच्या खोलीचं दार उघडलं.

आतून वाफच अंगावर आली. शेगडीवरचं झाकण काढल्यासारखी. पलंग रिकामा. चादरीला एक सुरकुती नाही. उशीही जागेवर नाही. दिवा बंद, सगळा काळोख. ताईने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, बाथरूममध्ये असेल.

तेव्हा ही बोलली. म्हणाली, आता पुरे झालं. आई रोज जेवण झालं की खाली टेलरबाईंकडे जातात. तो तक्ता बसवल्यापासून. त्यांच्या पडद्याआड वारा येतो. तिथे बसतात, बटणं लावून देतात, तिथेच जरा पाठ टेकतात, आणि तुम्ही यायच्या किंवा उठायच्या आत वर येतात. मला शपथ घातली होती. त्याला सांगू नकोस, एवढा खपतोय तो माझ्यासाठी, त्याला वाईट वाटेल.

पुढे आणखी काही बोलणार, तर आईच जिना धरत धरत वर आली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. ताईला पाहून हसली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, आज खालीही बसवेना बाई. त्यांचा पडदा कुणीतरी काढून नेला.

कुणीतरी म्हणाली. कुणी ते तिला ठाऊक होतं, नोटीस तिच्यासमोरच लिहिली होती मी.

मला फार वाईट वाटलं. ताईने पाणी दिलं आईला. मी ते तक्ते काढायला गेलो. नीट निघेनात. थर्मोकोलचा चुरा सगळ्या खोलीभर झाला.

१५ मे, सोमवार.

रजा टाकली. सगळं पूर्ववत करायचं, आजच्या आज. ताईने उद्यापर्यंत मुदत दिली.

मेजरकडे गेलो. म्हटलं, टेलरबाईंचा पडदा परत लावून ये. मेजर म्हणाला, साहेब, ठराव सात. म्हटलं, मी सांगतोय ना. मेजर म्हणाला, साहेबांचाच हुकूम आहे, साहेबांनी सांगितलं तरी ऐकायचं नाही. आणि सलाम. मी ओरडलो. त्याने पुन्हा सलाम केला. किल्ली मागितली तर खिशावर हात ठेवून सरळ उभा राहिला. या माणसाला डोक्यावर मीच बसवलं.

अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, आईसाठी अपवाद करा. ते म्हणाले, आईंबद्दल मला आदरच आहे, पण तुम्हीच लिहिलंय ना, बदल फक्त सर्वसाधारण सभेत, आणि तोही लागोपाठच्या दोन सभांत. तुम्हीच म्हणाला होतात, घाईत कुणी भावनेच्या भरात बदल करू नये. मला आठवतं, माझं ते वाक्य फार छान जमलं होतं.

शेवटी टेलरबाईंकडे. माफीचं काहीतरी ठरवून गेलो होतो, जिन्यातच विसरलो. त्या ओल्या फडक्याने मान पुसत मशीनवर बसल्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. म्हणाल्या, तुमच्या आईंचं विणकाम इथे राहिलंय, घेऊन जा. तुमच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर करतायत. खिडकीखाली एक चटई आणि एक उशी होती. ती आमच्याच घरातली उशी.

१६ मे, मंगळवार.

आई गेली.

टॅक्सी खाली उभी होती, ताई बॅगा नेत होती. तेव्हा मी म्हटलं, आई, संध्याकाळपर्यंत थांब. आम्ही खोली बदलतो. तू पूर्वेला ये. आई म्हणाली, अरे तुझं टेबल आहे तिथे, तुझ्या फायली आहेत. टोमणा नव्हता. तिला खरंच माझ्या टेबलाची काळजी होती. म्हटलं, टेबलाचं काय एवढं. आई म्हणाली, आधी म्हणाला असतास तर आलेही असते.

म्हणजे तिने नको म्हटलं नसतं.

निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केसांत थर्मोकोलचा दाणा होता, तो काढून फेकला.

२१ मे, रविवार.

आईचा फोन. बरी आहे. ताईच्या खिडकीला बाहेरून कापडी पडदा आहे, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. दुपारी झोप लागते म्हणाली. मी खूप खुश झालो असं सांगितलं.

दुपारी आईच्या खोलीत बसून पाहिलं. चहा प्यायच्या आत उठलो.

ही म्हणते, आता तरी खोल्या बदला, म्हणजे आईंना परत बोलावता येईल. पण आई नाही, तर आता घाई कसली? आधी कायदेशीर मार्गाने काम पक्कं करतो. ठराव सात दुरुस्त करायचा, बाहेरून पडदा लावायचा, आईला सन्मानाने आणायचं. मुळावर घाव घालणारा माणूस आहे मी.

२५ जून, रविवार.

पहिली सभा. कोरमअभावी तहकूब. सभा गच्चीवर ठेवली होती, दुपारी. लोकांना आपल्या इमारतीबद्दल आस्थाच नाही. टेलरबाई तेवढ्या आल्या होत्या, छत्री घेऊन. मलाही छत्रीत घेतलं त्यांनी.

८ ऑक्टोबर, रविवार.

पहिली सभा अखेर झाली. पडद्याला तत्त्वतः मान्यता. बाकी सगळा वेळ रंगावर गेला. हिरवा, पिवळा, बांबूचा नैसर्गिक. शेवटी कुणालाच न आवडणारा राखाडी एकमताने ठरला.

मधे इतके महिने गेले यात माझा दोष नाही. एकदा अध्यक्ष गावी, एकदा मी आजारी, एकदा माइक.

आईला कळवलं. म्हणाली, सावकाश कर, धावपळ करू नकोस.

२६ नोव्हेंबर, रविवार.

विजय. दुसरी सभा, दुरुस्ती एकमताने मंजूर. प्रत्येक खिडकीबाहेर सोसायटीतर्फे राखाडी पडदा.

मसुदा संपूर्ण माझा. या वेळी एकही पळवाट ठेवली नाही. कोणी पडदा वर, कोणी अर्धा, कोणी तिरका, असं झालं की पुन्हा तीच दशा. म्हणून कलम चार: एकसमान दिसावं यासाठी सर्व पडदे वर्षभर पूर्ण खाली राहतील, गुंडाळता येणार नाहीत. अंमलबजावणी मेजरकडे. टाळ्या पडल्या. टेलरबाईंनी फक्त विचारलं, वर्षभर? म्हटलं, वर्षभर. बाईंना शिस्तीचं वावडंच आहे.

३ डिसेंबर, रविवार.

पडदे लागले. दुपारी मुद्दाम न झोपता आईच्या खोलीत थर्मामीटर घेऊन बसलो. दुपारी. आणि खोली थंड. खरोखर थंड. स्वेटर घालावा लागला, आईने विणलेलाच. डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला लाज कसली.

लगेच फोन केला. म्हटलं, आई, ये. झालं काम. आईला फार आनंद झाला. म्हणाली, मीच म्हणणार होते. ताईचा तळमजला, इथे थंडीत फरशी नुसती चावते, गुडघे सरळ होत नाहीत. तुझ्याकडची ती खोली आठवते रे. मागच्या थंडीत पलंगावर कसं ऊन यायचं, अगदी संध्याकाळपर्यंत. येते मी, ते ऊन घ्यायला.

मी ये ये म्हणालो. फोन ठेवल्यापासून काहीतरी खटकतंय. काय ते लक्षात येत नाही.

१० डिसेंबर, रविवार.

लक्षात आलं.

सकाळीच मेजरकडे गेलो. म्हटलं, फक्त एक पडदा वर गुंडाळ, फक्त थंडीपुरता, मागच्या गल्लीचा. मेजर म्हणाला, साहेब, कलम चार. अध्यक्ष म्हणाले, बदल दोन सभांत. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात.

आई दुपारी आली. टेलरबाईंनी तिची उशी वर आणून दिली. त्यांच्या खिडकीलाही पडदा खालीच आहे. मशीनवर दिवा लावून बसतात.

ही म्हणाली, आज तरी टेबल हलवायचं का? विचार करतो म्हटलं. ही माझ्याकडे न बघता टेबलावरच्या फायली उचलायला लागली. मी अडवलं नाही.

आई शाल गुंडाळून तिच्या पलंगावर बसली होती. हात पुढे करून चादर चाचपत होती, मागच्या वर्षी जिथे ऊन पडायचं नेमकी तिथे. मी दारात उभा. तिने विचारलं, इथलं ऊन कुठे गेलं रे?

म्हटलं, अडवलंय.